दात वयाने हलत नाहीत

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरात पन्नाशीच्या आसपासच्या माणसाचा दात हलायला लागला की त्याला कुणी दवाखान्यात जा म्हणत नाही. "वय झालं की ओ आता," म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. माझ्या वडिलांचे बहुतेक दात साठीच्या आत गेले. त्यातले बरेचसे किडलेले नव्हतेच. पांढरे, अख्खे दात मुळासकट हातात आले होते. ते बघूनही घरात कुणाला प्रश्न पडला नाही, कारण आजोबांचंही तसंच झालं होतं. माझ्या खालच्या पुढच्या दातांत फट पडायला लागली तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. त्यानंतरच्या उपचारांतून मला जे समजलं ते आमच्या भागातल्या प्रत्येक घरात पोचावं असं मनापासून वाटतं: दात वयाने हलत नाहीत, आजाराने हलतात. आणि त्या आजाराचं आपल्या ताटाशी, तंबाखूशी, रक्तातल्या साखरेशी आणि झोपेशी जवळचं नातं असतं.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करतो. हायड्रॉलिक सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतलं भोक, मापात आहे की नाही हे बघणं, मायक्रोमीटर आणि गेज हातात धरणं हा माझा रोजचा उद्योग. शतांश मिलिमीटरच्या फरकानं माल परत जातो. हे सांगतो कारण पुढं जे घडलं त्यात मला डॉक्टरांच्या बोलण्याआधी त्यांची मापं समजली.

लक्षणं बऱ्याच दिवसांपासून होती. पेरू चावला की त्याच्या पांढऱ्या गरावर रक्ताची रेघ उमटायची. सकाळी थुंकीत तांबूस रंग दिसायचा. उजवीकडून भाकरी चावली की एक दाढ खाली दबल्यासारखी वाटायची. तोंडाला वास येतो असं बायको दोन-तीनदा म्हणाली, तेही जरा संकोचानंच. दुखत मात्र काहीच नव्हतं. या आजाराचा सगळा घात इथंच आहे. दाढ किडली तर माणूस रात्री उठून बसतो, सकाळी डॉक्टरच्या दारात उभा राहतो. हिरड्यांचा आजार मात्र वर्षानुवर्षं गप्प राहून आतलं हाड खात असतो.

आधी एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथं आरशानं एकदा तोंडात बघून चार दात काढायचे आणि ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं पक्के खोटे दात, बसवायचा असं सांगितलं. दात नेमके किती सैल आहेत, का सैल आहेत, हे कुणी मोजलं नाही. माझी पुतणी नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "काका, काढायची घाई करू नका, आधी डेंटल कॉलेजला हिरड्यांच्या विभागात दाखवा." बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत आणि दोन्हीकडं अख्ख्या जिल्ह्यातून, शिवाय चंदगड-आजऱ्याकडूनही माणसं येतात. खर्च कमी येतो, वेळ मात्र जास्त जातो. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा आणि बाकावर बसायचं. माझ्या शेजारी बैलहोंगलकडचे एक शेतकरी बसले होते. ते कन्नडमध्ये, मी मराठीत, मधे थोडं हिंदी, असं आमचं बोलणं चाललं होतं. त्यांचंही दुखणं तेच, आणि त्यांच्या गावातही त्याला वयच म्हणतात.

हिरड्यांच्या विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर मुलगी कारवारकडची होती, कोकणी वळणाचं मराठी बोलायची. तिनं खुणा केलेली बारीक बोथट सळई, म्हणजे प्रोब, घेतली आणि दात व हिरडी यांच्या मधल्या फटीत हलकेच उतरवत एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. दुसरी मुलगी तो कागदावर लिहीत होती. तीन, दोन, तीन. चार, पाच, सात. एका दाताभोवती सहा ठिकाणी माप घेतात. अठ्ठावीस दात धरले तर १६८ मापं होतात. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिलिमीटर असते. चारच्या पुढं गेली की तिथं ब्रश पोचत नाही आणि जंतूंना घर मिळतं. सहा आणि त्यापुढची खोली म्हणजे आजार गंभीर. माझ्या मागच्या दाढांत सात होते, एका ठिकाणी आठ. मी खुर्चीत आडवा पडून ऐकत होतो. आमच्या शॉपमध्ये इतका फरक निघाला तर अख्खी बॅच बाजूला काढतात.

मग जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. त्यात हाडाची रेघ दाताच्या मानेजवळ असायला हवी ती कित्येक ठिकाणी मुळाच्या मध्यावर उतरलेली होती. पावसात बांधाची माती वाहून गेली की बांधावरचं झाड धडधाकट असूनही कलतं, तसं माझ्या दातांचं झालं होतं. निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं: पेरिओडॉन्टायटिस, स्टेज ३, ग्रेड सी. पेरिओडॉन्टायटिस म्हणजे हाडापर्यंत पोचलेला हिरड्यांचा आजार, स्टेज म्हणजे नुकसान किती झालं आणि ग्रेड म्हणजे ते किती वेगानं होतंय. ही वर्गवारी जगभरच्या तज्ज्ञांनी २०१७ साली ठरवली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात मला फार महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की वेग ठरवताना फक्त तोंडाकडं बघत नाहीत. माणूस दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढत असेल, किंवा मधुमेही असून त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७ टक्के किंवा वर असेल, तर तो थेट ग्रेड सी मध्ये जातो. म्हणजे हिरड्यांच्या निदानातच माणसाची राहणी लिहिलेली असते.

त्यामुळं पुढचा अर्धा तास दातांबद्दल कमी आणि माझ्या दिवसाबद्दल जास्त प्रश्न आले. चहा किती वेळा? साखर किती? रात्रपाळी असते का? झोप किती? तंबाखू खाता का, आणि खाता तर गालफडात नेमकी कुठं धरता? हा शेवटचा प्रश्न मला आधी विचित्र वाटला. मी डावीकडे खालच्या ओठाच्या आत धरतो असं सांगितल्यावर तिनं आरसा हातात दिला. तिथली हिरडी बाकीच्यांपेक्षा खाली सरकलेली होती, मुळं उघडी पडली होती आणि आतलं कातडं पांढरट, सुरकुतलेलं होतं. तंबाखू आणि चुना रोज ज्या जागी बसतात ती जागा अशी ओळखू येते. तो पांढरट भाग कर्करोगाकडं झुकतोय का हे पाहण्यासाठी तिनं मला दुसऱ्या विभागातही पाठवलं. तिथं काळजीचं काही निघालं नाही, पण तंबाखू थांबली नाही तर पुढचं सांगता येणार नाही, असं स्पष्ट बजावलं.

घरात मधुमेह आहे का, असं विचारल्यावर वडिलांना होता असं सांगितलं. त्याच दिवशी रक्त दिलं. एचबीएवनसी ८.६ आलं. ६.५ पासून पुढं मधुमेह धरतात. मला साखर आहे हे मला माहीत नव्हतं. शॉपच्या तपासणी शिबिरात कधीतरी बोटातून रक्त घेतलं होतं, तेव्हा बरं होतं. मधुमेह आधी माझ्या हिरड्यांनी सांगितला, रक्ताच्या रिपोर्टनं नंतर.

हे नातं कसं चालतं ते डॉक्टरनं कागदावर काढून समजावलं. रक्तात साखर जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. त्यातून जी संयुगं तयार होतात ती सूज वाढवतात आणि हिरडीला धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे कमकुवत करतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. म्हणून मधुमेह आटोक्यात नसलेल्या माणसाला हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका दोन ते तीन पट असतो. उलट्या बाजूनं, हिरड्यांतली कायमची सूज रक्तात उतरते आणि इन्सुलिनचं काम अवघड करते. दोन्हीकडून रस्ता आहे. हिरड्यांचे उपचार नीट झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. आकडा लहान वाटतो, पण साखरेची एखादी जादा गोळी सुरू केल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या तो फार मागं नाही.

फिजिशियननं गोळ्या सुरू केल्या. हिरड्यांच्या डॉक्टरनं सफाई सुरू केली. वरवरचं कीटण काढणं वेगळं आणि हे वेगळं. एका वेळी तोंडाचा एक भाग घ्यायचा, इंजेक्शन देऊन बधिर करायचा, मग थरथरणाऱ्या यंत्रानं आणि नंतर हातातल्या वाकड्या टोकाच्या क्युरेटनं हिरडीच्या आत, मुळावर बसलेलं काळपट कडक कीटण खरवडून काढायचं. दुखत नाही, पण कानात आवाज घुमतो आणि बरंच रक्त येतं. नंतर काही आठवडे थंड पाणी दातांना झोंबतं.

इथं एक गैरसमज आमच्याकडं फार पक्का आहे: "सफाई केली की दात हलायला लागतात." सफाईनंतर मलाही तसंच वाटलं. दातांच्या मधे काळ्या फटी दिसायला लागल्या, एक-दोन दात जास्त मोकळे वाटले. कारण असं की कीटणाचा कठीण थर शेजारच्या दातांना एकमेकांत अडकवून धरत होता आणि सुजलेल्या हिरडीनं फटी भरून टाकल्या होत्या. कीटण गेलं, सूज उतरली, की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पुढची भेट टाळतो. आमच्या गल्लीतल्या दोघांनी तेच केलं आणि आता त्यांच्या कवळ्या आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पाच मिनिटांच्या बोलण्यानं ते टळलं असतं.

सफाईनंतर दोन आठवडे क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशक औषधानं चूळ भरायची होती. त्यानं जिभेची चव जाते आणि चहा प्यायला तर दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून ते जास्त दिवस आपलं आपण चालू ठेवू नये. टूथपेस्ट आणि ती चूळ यांच्यात अर्धा तास जाऊ द्यावा. खरा फरक पडला तो दातांच्या फटींत घालायच्या बारीक ब्रशनं. मेडिकलमध्ये तो निरनिराळ्या जाडीत मिळतो आणि कुठल्या फटीला कुठला हे डॉक्टरनं मोजून दिलं.

आता खाण्याचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न मला त्याबद्दलच विचारले जातात.

आमच्या शॉपमधला दिवस चहावर चालतो. पाळी सुरू होताना चहा, दहाला चहा, जेवणानंतर चहा, चारला चहा, आणि रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर चहाबरोबर खारी किंवा टोस्ट. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तरी दिवसाची बेरीज मोठी होते. त्यात रात्रपाळीहून आलो की तोंड न धुता झोपायचो. झोपेत लाळ कमी होते, म्हणजे तोंडाची नैसर्गिक सफाई थांबते. वारंवार गोड खाण्यानं दात किडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिरड्यांचा आजार त्याहून वेगळा आहे, पण साखर आणि मैदा इथंही जंतूंचा थर वाढवतात आणि अंगातली सूज पेटती ठेवतात.

स्वित्झर्लंडमध्ये २००७ साली एक प्रयोग झाला होता. दहा माणसांना चार आठवडे अश्मयुगातल्यासारखं राहायला लावलं. टूथब्रश नाही, पेस्ट नाही, आणि तयार साखर किंवा मैद्याचे पदार्थही नाहीत. अख्खी धान्यं, रानातली फळं, थोडं मांस, दूध, मध असं खाणं होतं. दातांवरचा थर अर्थातच वाढला. पण प्रोब लावल्यावर रक्त येणाऱ्या जागा सुमारे ३५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आल्या. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. पुढं जर्मनीत फ्रायबुर्गला कमी पिष्टमय, भरपूर तंतुमय, सी आणि डी जीवनसत्त्व व ओमेगा-३ असलेल्या आहाराचा एक छोटा प्रयोग झाला, त्यातही हिरड्यांची सूज जवळपास निम्म्यावर आली. म्हणून ब्रश टाकून द्या असं कुणीच म्हणत नाही. हे प्रयोग हिरडीच्या सुजेवरचे आहेत. एकदा झिजलेलं हाड कुठल्याही भाकरीनं परत येत नाही. पण सूज हीच पहिली पायरी असते आणि तिथं ताटाचं वजन एवढं मोठं आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात आणायचं म्हणजे सोपं नव्हतं. येळ्ळूरचं शिवार भाताचं. बेळगावी बासमतीचा वास शिजताना गल्लीभर जातो आणि दोन्ही वेळा भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. बायकोनं भात बंद केला नाही. दुपारी एक वाटी भात आणि बरोबर आख्ख्या मसुराची आमटी, रात्री जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी असं तिनं ठरवलं. मुळा, काकडी, कच्चा कांदा, कोवळी मेथी हे ताटात आधी येतं आणि आधी संपवायचं. जवसाची आणि कारळाची चटणी आमच्याकडं होतीच, ती आता रोज असते. जवसात वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-३ असतं. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याचा बांगडा बाजारात येतो तेव्हा आठवड्यातून एकदा तो येतो. चहा दिवसाला दोनदा, बिनसाखरेचा.

गुळाबद्दल मात्र इथं स्पष्ट सांगायला हवं. आपला भाग उसाचा, गुऱ्हाळांचा. संकेश्वर-निपाणीकडचे पाहुणे येताना ढेप घेऊनच येतात आणि "साखर नको, गुळाचा करा, गूळ चालतो" असं हक्कानं सांगतात. मधुमेही माणसाला गूळही चालत नाही. रक्तात गेल्यावर तोही साखरच. कुंद्याचंही, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचंही, तेच. सणाला एक तुकडा खातो, जेवणाबरोबर खातो, आणि लगेच चूळ भरतो. डबा समोर ठेवून येता-जाता खाणं थांबलंय.

दुसरी एक सवय म्हणजे हिरड्यांतून रक्त आलं की मेडिकलमधून सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायच्या. सी जीवनसत्त्व अजिबात मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, हिरड्या फुगतात, दात सुटतात. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरानं संत्र्या-लिंबांनी खलाशी बरे करून दाखवले. पण आपल्यापैकी बहुतेकांना स्कर्व्ही नसतो. आपल्याला कीटण असतं, आणि ते गोळीनं विरघळत नाही. सी जीवनसत्त्व हिरडी भरून यायला लागतं हे खरं. पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरतात आणि १०० ग्रॅम पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं. एक मध्यम पेरू किंवा आवळा खाल्ला की झालं. आता पेरू चावताना रक्त येत नाही, म्हणून तो मी रोज आवडीनं खातो.

तंबाखू सोडणं या सगळ्यापेक्षा कठीण गेलं. निकोटिनमुळं रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळं आजार असूनही रक्त कमी दिसतं आणि जखम भरायलाही उशीर लागतो. ओढणाऱ्यांत हे फार ठळक दिसतं. कॉलेजातच तंबाखू सोडवण्याचा कक्ष होता. तिथं त्यांनी उपदेश केला नाही, माझ्या दिवसातल्या जागा शोधल्या: मशीन सुरू केल्यावर, जेवणानंतर, रात्री दोनला. प्रत्येक जागेला दुसरं काहीतरी बसवलं. निकोटिनचं च्युइंगम काही आठवडे घेतलं. लवंग, बडीशेप जवळ ठेवली. सुपारी मात्र अजिबात नको म्हणाले, कारण तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोग करते हे सिद्ध झालेलं आहे. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत फोन सेवा आहे, तिचाही मला आधार झाला.

सफाई संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा सगळी मापं घेतली. पुढच्या दातांतले पाच-सहा आता तीनवर आले होते. बहुतेक दाढा चारवर. उजवीकडच्या मागच्या दोन दाढा मात्र सहा-सातवरच अडकल्या होत्या. एचबीएवनसी ७.१ होतं. त्यात गोळ्यांचा वाटा किती, खाण्याचा किती, राजहंसगडाच्या चढावर रोज सकाळी चालण्याचा किती आणि हिरड्यांचा किती हे वेगळं काढता येत नाही. सगळं एकदमच सुरू झालं होतं.

अडकलेल्या जागी शस्त्रक्रिया केली. साखर खाली आल्याशिवाय ती करणार नाही असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. हिरडी उघडून डोळ्यांना दिसेल असं मूळ साफ करायचं, टाके घालायचे, वर गुलाबी लुकणासारखी पट्टी बसवायची. आठवडाभर नाचण्याचं आंबील, मऊ भात, ताक. शेवटची दाढ वाचली नाही. तिच्या मुळांच्या दुबेळक्यातलंच हाड गेलं होतं. बाकीच्या तीन, ज्या पहिल्या दवाखान्यात काढायला निघाले होते, त्या आज माझ्या तोंडात आहेत आणि मी त्यांनी भाकरी चावतो.

एक प्रश्न मला बराच काळ सतावत होता. आमच्याच शॉपमधला एक जण माझ्याहून जास्त तंबाखू खातो, ब्रशही धड करत नाही, आणि त्याचे दात पक्के आहेत. मग? याचं उत्तर मला श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या एका अभ्यासात मिळालं. हाराल्ड लो या नॉर्वेच्या संशोधकाच्या गटानं १९७० पासून पंधरा वर्षं तिथल्या ४८० मजुरांचे दात पाहिले. हे मजूर ब्रश वापरत नव्हते, कीटण सगळ्यांच्या दातांवर होतं. तरी ८ टक्के लोकांचं हाड झपाट्यानं गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम वेगानं, आणि ११ टक्क्यांचं जवळपास गेलंच नाही. म्हणजे शरीराची घडण वेगवेगळी असते. ती आपल्या हातात नाही. माझ्या आजोबांचे, वडिलांचे दात असे गेले याचा अर्थ मी बहुधा त्या ८ टक्क्यांच्या जवळचा आहे, आणि म्हणूनच मला आणि माझ्या मुलांना जास्त जपायला हवं. मुलगा पंचवीसचा आहे. त्याची मापं घेऊन झाली, दोन ठिकाणी चार आहेत, सफाई झाली.

आईचं प्रकरण अजून चालू आहे. तिचं माहेर निपाणीजवळचं. लग्नाआधी ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. ज्या भागातल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी हमरस्ता अडवला होता, त्या भागातल्या बाईला तंबाखू म्हणजे विष असं सांगणं सोपं नाही. त्या पिकावर तिची चूल पेटली आहे. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली मिशेरी ती लहानपणापासून बोटानं दातांना लावते. "माझी मिशेरी हाय म्हणून हे चार दात तरी हायत," असं ती ठामपणे सांगते. दात ठणकला की मिशेरीनं थांबतो हा तिचा अनुभव खोटा नाही. तेवढ्यापुरतं बधिर वाटतं. पण बोटानं घासून घासून खालच्या पुढच्या दातांची हिरडी पार उतरली आहे आणि मुळं पिवळी दिसतात. शिवाय मिशेरी दात घासण्यापुरती राहत नाही. सकाळी, दुपारी, शेजारणी जमल्या की पुन्हा. ती लागलेली असते.

मी तिच्याशी वाद घातला नाही. माझे मापांचे दोन कागद, आधीचा आणि नंतरचा, तिच्यासमोर ठेवले आणि आकडे वाचून दाखवले. सातचा चार झाला हे तिला पटलं. ती कॉलेजला आली, त्या कारवारच्या डॉक्टरनं तिला "आजी" म्हणत सगळं बघितलं. आता ती रात्री मऊ ब्रश वापरते आणि दुपारची मिशेरी तिनं बंद केली आहे. सकाळची अजून आहे. तिच्या खालच्या दातांची सफाई पुढच्या महिन्यात आहे.

मला दर तीन महिन्यांनी जायचं आहे, आणि हे कायमचं आहे. हा आजार मधुमेहासारखाच आटोक्यात ठेवायचा असतो. शॉपमधले लोक आता मला विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो: साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा. तंबाखू किती आणि कुठं धरता ते लपवू नका. आणि परत येताना हिरड्यांच्या मापांचा कागद मागून घ्या, पुढच्या वेळी तोच बरोबर लागतो.